एक हजार एक

गोकुळपेठ, रात्रीचा दीड.
कूलरची टाकी आटली, वाळा सुकून कुरकुरतो.
ड्राइव्ह उघडतो, लग्नांचे फोटो दिसतात,
एक अक्षर ठेवू म्हटलं की
परवानगी नाकारली.

इथे मी रूट.
तारेपलीकडे मला पाहुण्याइतकाही मान नाही.

फायलींच्या मालकाच्या जागी नुसता आकडा: १००१.
नितनवरे!
स्टुडिओ सोडून तो हैदराबादला गेला
त्याच संध्याकाळी मी पुसलं त्याचं खातं.
आता आकडा विचारतो, काऊन बे,
विसरला का मले?

पेटीत शिरून सातशे सत्त्याहत्तर मारायचा,
दार सताड उघडं टाकायचा मोह आवरला.
नवं खातं काढलं. नाव माझं, आकडा त्याचा.
पलीकडच्या पेटीला नाव वाचता येत नाही.

शून्य बाइटची फाईल उमटली.
उठलो,
टाकीत दोन बादल्या ओतल्या.