दोन सूत

काच कापत नाहीत, मढवी म्हणायचे,
तिला फुटायची वाट दाखवतात.
रॉकेलात बुडवलेलं चाक, एक रेघ, एकदाच.
दुसऱ्यांदा ओढलीस की ती रागावते,
आणि राग कुठून बाहेर पडेल
हे विश्वकर्म्यालाही सांगता यायचं नाही.

रबाळे एमआयडीसी, नाल्यालगतची पत्र्याची शेड.
मी कापत नाही. मी माप घेते.
टेप, वही, कानावर पेन्सिल.
लोकांच्या भिंतीत जिथे भिंत नाही
ती जागा मिलिमीटरमध्ये लिहून आणते.

सीवूड्सला एकोणिसाव्या मजल्यावर एक बाई म्हणाल्या,
आरशासारखी द्या. आम्हाला बाहेर दिसावं,
बाहेरच्यांना आम्ही नको.
म्हटलं, दिवसा तसंच होईल.
रात्री तुमच्याकडे दिवा लागला की उलटं.
काच कुणाची बाजू घेत नाही,
उजेड कुठे जास्त, तेवढंच बघते.
त्या हसल्या नाहीत.
पडद्यांचंही माप घे म्हणाल्या.

वाशीत दातांच्या दवाखान्याला दुधी काच:
आतला माणूस नुसता रंग होऊन उरतो,
निळा शर्ट दिसतो, वासलेला जबडा नाही.
ऐरोलीत हमरस्त्यावरच्या ऑफिसला दुहेरी,
दोन काचांत कोंडलेली कोरडी हवा;
कंटेनर जातात मुक्यानं, जणू पाण्याखालून.
शाळेच्या जिन्याला लॅमिनेटेड. ती तडकते,
पण सोडत नाही. मधल्या पातळ थराला
सगळे तुकडे धरून राहतात,
भांडण झालेलं घर पाहुण्यांसमोर बसतं, तसे.

टफन मात्र भट्टीतून जाते.
सहाशेच्या वर तापवायची,
मग दोन्ही अंगांनी गार वारा मारायचा.
बाहेरून आवळलेली, आतून ताणलेली,
अशी ती आयुष्यभर उभी राहते.
भोकं, खाचा, बिजागरीची जागा, सगळं आधी.
नंतर माप चुकलं म्हणून रडण्यात अर्थ नाही,
चूकही पक्की होऊन आलेली असते.

कधी निकेलचा एक कण तिच्या पोटात राहतो,
डोळ्याला न दिसणारा.
वर्ष जातं, दोन जातात.
मग घणसोलीत एका रविवारी,
कुणी हात लावलेला नसताना,
न्हाणीघराच्या दाराची खडीसाखर होते.
गिऱ्हाईक फोनवर ओरडत असतं.
मी विचारते, कुणाला लागलं?
नाही ना? तिला असंच फुटायला शिकवलंय.
त्यावर ते गप्प होतं. मीही.

माझं घर कोपरखैरणेला, सिडकोची खोली.
मोरीच्या खिडकीला तिरप्या पट्ट्या, सात.
चौथी नाही.
तीन वर्षं तिथे चहाच्या खोक्याचा पुठ्ठा,
त्यावरची किटली ओलीनं फुगलेली.
अर्ध्या नवी मुंबईची भोकं माझ्या वहीत,
हेच तेवढं लिहायचं राहिलेलं.

गेल्या महिन्यात मढवी रिटायर झाले.
पेढे, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
गोठिवलीच्या वळणापर्यंत सोडायला गेले तेव्हा
खिशातून चाक काढून माझ्या हातावर ठेवलं.
मापाडीण, एकदा वढून बघ.
टफन नको घेवस, ती आयकाची नाय.

सगळे गेल्यावर भंगारातून तुकडा काढला,
साधी, बारीक टिपक्यांची.
टेबलावर गोधडी. दम धरून रेघ.
साखरेवर पाय पडावा तसा आवाज,
मग कडेवर, दोन अंगठे,
टक्.
दाखवली त्याच वाटेनं गेली.

बसवताना कळलं, दोन सूत आखूड.
मी. माप घेणारी.
एका बाजूला चिमट्यात घट्ट, दुसरीकडे जेमतेम,
आणि त्या फटीतून पहाटे खाडीचा वास,
शेजारची फोडणी, एक बारीक शिट्टी.

दुसरी कापायला हवी.
वहीत लिहून ठेवलंय:
मोरी, चौथी पट्टी, साधी काच.
शेऱ्याच्या रकान्यात:
घाई नाही.