चांदीवरचा माणूस

संपादकाने बजावलं होतं : रंग हवेत.
रंग म्हणजे लाल, लाल म्हणजे बायकांचे पट्टे,
आणि जमलं तर एखादं लहान मूल, जांभई न देणारं.

तार्तूहून दीड तास. शेवटचा रस्ता कच्चा,
पुढे कुरण, कुरणापुढे बर्चची रांग,
रांगेपुढे सीमेचे खांब.
त्यांचा फोटो काढू नका, म्हणाला स्वयंसेवक,
जसा काही मी तो देशच काढून नेणार होतो.

रात्रीचे आठ, तरी उन्हाला घरी जायचं नाव नाही.
ध्वनिक्षेपक दोनदा खोकला आणि मेला.
कुणाचंच काही अडलं नाही.
अकॉर्डियनवाला हेम्मो दमेकरी,
भाता ओढला की श्वासही ओढायचा,
त्याचा चांगला आला.
नास्त्याबाई शहाजिरं घातलेलं पिवळं पनीर
सुरीच्या टोकावरून देत होती, हाताला हात न लागता.
तिचाही एक घेतला, असू दे म्हणून.

मग त्या आल्या. अकराजणी.
प्रत्येकीच्या छातीवर ताटाएवढी चांदी,
साखळ्या पोटापर्यंत. चालल्या की
आधी चांदी ऐकू येते, मागून बाई दिसते.
कॅमेऱ्याला ही चांदी मानवत नाही,
तिच्यापायी चेहरे काळे पडतात.

पुढे ओक्सेन्या. ऐंशीची, कदाचित जास्त.
ती एक ओळ टाकते, तिथल्या तिथे शिजवलेली,
बाकीच्या उचलतात, थोडी वाकवून परत करतात,
आणि सगळ्यांच्या वर एकटीच एक,
किल्लो म्हणतात तिला,
दगडावर विळा घासावा तशी दातांत शिरणारी.

सेतो भाषा मला निम्मी कळते.
आई बोलायची, पण फक्त कोंबड्यांशी.

ओक्सेन्याने ओळ टाकली :
आला पाहुणा, एक डोळा मिटलेला.
बाकीच्यांनी मिटलेला डोळा उचलला.
आईने दोन दिले होते, दुसरा कुठे सांडलास?
कुरण हसलं. मी बटण दाबत राहिलो,
दुसरं काय करणार, लाज लपवायला
तेवढीच एक खिडकी होती.

मग : कुणाचा तू, काळ्या पेटीवाल्या, कुणाचा?
आणि थांबली. सगळ्याच थांबल्या.
इथे उत्तर गाऊन द्यायचं असतं
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
मी बोललोच, बाजारात भाव विचारावा तसा :
वेराचा. खांबांपलीकडच्या, विहिरीजवळच्या वेराचा.
तिकडे तिची आई पुरलेली आहे.
थडग्यावरचं गवत उपटायलाही आता व्हिसा लागतो.

ओक्सेन्याने मान हलवली नाही, डोळे पुसले नाहीत.
ओळ टाकली : वेराचा.
बाकीच्यांनी वेरा उचलली,
कोंबड्यांना हाका मारणारी, गिरणीत कान गमावलेली,
चौथ्या मजल्यावर सहा वर्षांपूर्वी वारलेली,
तिला या अंगावरून त्या अंगावर वळवून पाहिलं,
आणि किल्लोने तिला बर्चच्या रांगेवरून
बिनकागदाची पलीकडे नेऊन सोडली.

खांब होते तिथेच होते.
एका पोराने जांभई दिली. मुलं देतातच.

रात्री गाडीतच कार्ड उघडलं. सहाशे चौदा.
त्यातला एक वाकडा, कमरेच्या उंचीवरचा,
काढल्याचं आठवत नाही, बोटाने परस्पर काढला असेल.
अर्धी ओक्सेन्या. हनुवटीखाली चांदी,
चांदीवर आभाळ, आभाळाच्या बुडाशी
सात-आठ ठिपक्यांचा माणूस.
मोठा केला. आणखी.
डोळ्याशी पेटी नाही.
तोंडाच्या जागी एक ठिपका काळा.

गात होतो की नुसता आ वासला होता,
ठिपका सांगत नाही.

संपादकाचा निरोप आला :
पनीरवाल्या बाईचा लावतो. आडवा आहे का?