नमुना, सीलबंद नाही

रूपम धकाते हेल्मेट न काढताच दारात उभा:
"काकू, तुम्ही लॅबमध्ये होत्या न,
पाहून घ्या जरा. कुत्र्याची बिस्किटं बनवून राहिलो.
मटण नाही, अंडं नाही, सगळं झाडापासून."
मे महिना. नंदनवनात नळ कालपासून कोरडा,
कूलरचा पंप घसा खरवडतोय,
आणि सरकी त्याच्यासमोर चारी पाय पसरून.

एकतीस वर्षं माझ्या टेबलावर नुसते आकडे आले.
लाखेचं सील, दोरा, कोड नंबर.
हळद कोणाची, तेल कोणाचं, ढेप कुठल्या गिरणीची,
कळलं नाही, कळू देत नसत.
म्हणून हात कापला नाही "असुरक्षित" लिहिताना.
हा पहिला नमुना, ज्याला घाम आलाय.

चष्मा लावते. बोट ठेवून वाचते.
घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं,
तेवढं पाळलंय पोरानं.
पहिलं हरभऱ्याचं पीठ. शाब्बास.
मग रताळं, मग तांदूळ, मग साबुदाण्याचा स्टार्च.
तिघे वेगवेगळे उभे, म्हणून सडपातळ दिसतात,
एका तराजूत बसवले तर हरभरा वर उचलला जाईल.
"हे मुद्दाम केलं का रे?"
"नाही काकू. मोबाईलवर तसंच होतं."
त्याच्या नखांत बेसन अडकलेलं. विश्वास ठेवला.

प्रथिनं किमान अठरा टक्के.
हा आकडा कसा येतो ते मला विचारा:
नमुना आम्लात उकळायचा, काळा पडेस्तोवर,
मग नितळ होईस्तोवर,
नायट्रोजन मोजून सव्वासहानं गुणायचं.
नायट्रोजन डाळीचा की खुराचा
तो सांगत नाही.
हरभऱ्यात मेथिओनिन थोडकं,
ती उणीव तांदूळ जराशी झाकतो.
वरणभाताचं गणित, कुत्रीच्या पोटातही तेच.

जवस आहे, चालेल.
गूळ.
"गूळ कायले टाकला?"
"रंग येते न."
सरकीनं आजवर रंग पाहून काही खाल्लेलं नाही.

राख, चार टक्के.
तो दचकला: "राख नाही टाकली बाप्पा मी!"
मी हसले. अरे, टाकत नाहीत, उरते.
साडेपाचशे अंशांवर सगळं जाळलं
की जे जळायचं नाकारतं ते. चुना, लोह, मीठ.
तो गप्प.
पौषात गंगाबाई घाटावरून
त्यानं बापाची उचलून आणली होती.
मी विसरलेच.

पाणी दिलं त्याला. माठातलं.

शेवटची ओळ मुंगीच्या पायाएवढी: लसूण पावडर.
इथं बोट थांबलं.
सावजी रश्श्यावर वाढलेला तू,
लसणाशिवाय चव सुचणार नाही तुला,
पण हिच्या तांबड्या पेशी फुटतात त्यानं.
एका बिस्किटानं नाही. रोजच्यानं.
आणि रोज किती, तर तू छापलंस "हवी तेवढी".
एकात अडतीस कॅलरी. नऊ किलोच्या म्हातारीला
दिवसाच्या पाचशे, खाऊ त्याचा दहावा हिस्सा:
एक, आणि वर कोपरा.

"पण काकू, ते आवडीनं खाते न?"
खरंय, सरकीनं बोलता बोलता एक पळवलंच.
पण तिची साक्ष ग्राह्य नाही.
मंगळवारी तिनं पायपुसणं खाल्लं होतं.

वीजबिलाच्या पाठीवर अहवाल लिहिला.
प्रमाणित. असुरक्षित. माझ्याकडे दोनच शब्द होते.
तिसरा रकाना पेननं आखला:
लसूण काढ. गूळ काढ. स्टार्च एकच ठेव.
परत आण.
त्यानं कागद चार घड्या करून
हेल्मेटच्या आत खोचला, डोक्याला लागेल असा.

नमुन्याचा एक भाग राखून ठेवायचा असतो,
नियम आहे.
एक बिस्किट बरणीत टाकलं,
झाकणावर मेणबत्ती ठिबकवली, तारीख घातली,
वर फळीवर ठेवली.
ऊन उतरेपर्यंत सरकी खाली बसून होती,
तारखेला वेळेआधी आलेल्या फिर्यादीसारखी.