खोड

व्हर्लिन ऑस्टॅड मोटर खांद्यावर टाकून आला,
मान मोडलेला बगळा आणावा तशी.
"तळ्यात खोड लागलं," म्हणाला, "पाण्याखालचं. दिसलंच नाही."
टोपी काढून माझ्या गराजच्या दारात उभा राहिला,
अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, बर्फाचा नांगर चालवून निवृत्त झालेला,
गावातली प्रत्येक पत्रपेटी ज्याने एकदा तरी पाडली आहे.

वॉकर, मिनेसोटा. मेची अखेर.
नऊ वाजले तरी उजेड जायचं नाव घेत नाही
आणि डास यायचं विसरत नाहीत.

मी इथल्या शाळेत मुलांना जेवण वाढते.
त्याआधी, फार आधी, मिरजेच्या आयटीआयमध्ये
मोटर वाइंडिंगच्या वर्गात एकटी मुलगी होते.
तांब्याची तार बोटांवरून उतरताना वेढे मोजायचे,
एकशे बारा, एकशे तेरा,
कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून.
हे व्हर्लिनला ठाऊक, म्हणून त्याने दुकानात नेली नाही.
किंवा दुकानदार नवी घ्या म्हणेल, म्हणून.

नट सुटला. पंखा हातात आला.
एकही पातं चिरलेलं नाही. पिनसुद्धा सरळ.
खोडाला धडकलेली पिन अशी सरळ राहत नाही.
मी काही बोलले नाही.
पंख्यामागे, दांड्याच्या मुळाशी,
गच्च, काळसर, शेवाळ धरलेला वेढा.
नखाने खरवडला.
लाल.

माझा दोरा.
हार्डवेअरच्या दुकानातला, साडेतीन डॉलरचा.
पंधरा दिवसांपूर्वी तो बघून व्हर्लिन हसला होता,
मासे काय आंधळे आहेत का, म्हणून.
मी गळ फेकला, तो लव्हाळ्यात अडकला,
मी चाकूने दोरा कापला,
उरलेला हातभर पाण्यात सोडून दिला
आणि थर्मासमधला चहा ओतला, काही झालंच नाही अशी.
तोच हातभर. मोटरीने ओढून घेतला असणार,
फेऱ्यावर फेरा, न मोजता,
सील कापत कापत आत.

तो इंग्रजीत म्हणाला होता, मी मराठीत ऐकलं:
झाडाचं असतं ते खोड,
माणसाची असते ती खोड.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात.
इथे तर व्हर्लिन विजेरी धरून उभा,
नेमकी माझ्या बोटांवर.

खालचे दोन लांब बोल्ट. टोपण निघालं
आणि पाणी आलं, कोऱ्या चहाच्या रंगाचं, वाडगाभर.
चुंबक आर्मेचरला सोडेना,
ओढलं तर येईना, सोडलं तर बोट चिमटायचं.
तांब्यावर हिरवट बुरा. कार्बन झिजून तांदळाएवढे.
पण वाइंडिंग शाबूत.
मीटरची सुई हलली तेव्हा कळलं
की मघापासून श्वास घेतलाच नव्हता.

सील पोस्टाने यायला आठ दिवस लागले.
आठही दिवस लाल गुंता एप्रनच्या खिशात,
उकडलेले बटाटे वाढताना हाताला लागायचा.

नवव्या दिवशी कचऱ्याच्या पिंपात पाणी भरलं,
मोटर उभी केली, बॅटरीला चिमटे लावले.
एक: पाणी नुसतं शहारलं.
दोन: फिरू लागलं.
तीनवर अर्धं पिंप व्हर्लिनच्या पँटवर.
तो हसला, मी हसले, आणि त्या हसण्याच्या आडून
घाईघाईने गुंता काढून त्याच्या तळहातावर ठेवला.
"खोड नव्हतं," म्हटलं.

त्याने चष्मा कपाळावर सरकवला.
बघितलं. तळ्याकडे बघितलं. परत बघितलं.
"होतं की," म्हणाला, "लाल होतं. लहानसं."
आणि गुंता शर्टाच्या खिशात टाकून, वर बटण लावून,
मोटर पुन्हा खांद्यावर घेतली.
"शनिवारी पहाटे पाचला. दोरा मी आणतो."

पिंपातलं उरलेलं पाणी पुदिन्याला घातलं.
आधी हुंगून बघितलं,
ग्रीसचा वास तर येत नाही ना.