पाठपोट

राजारामपुरी, नववी गल्ली. माझं झेरॉक्सचं दुकान.
उद्या कॉलेजात रोजगार मेळावा,
म्हणून आज शेवटच्या वर्षाची अख्खी फौज
काउंटरवर लोंबकळतेय, पेनड्राइव्ह पुढं करत.
"काका, आधी माझं."

अठरा वर्षं बायोडाटे छापतोय मी.
सगळ्यांचा छंद वाचन.
सगळे मेहनती, सगळ्यांना मिळूनमिसळून काम करायला आवडतं,
आणि रांगेत एकमेकांच्या पायावर पाय देतात.
चुकलेली पानं कापून मी पॅड शिवतो,
पाठीमागं बिलं लिहितो.
गेल्या साली एकाचं उद्दिष्ट कात्रीत सापडलं:
'मी प्रामाणिकपणे कंपनीच्या'
आणि पुढं काहीच नाही.
त्याच्या मागं मी लिहिलं, लॅमिनेशन, वीस रुपये.

साडेदहाला गर्दी ओसरल्यावर स्वरूपा मगदूम आली.
एकच पान, तेही अर्धं कोरं.
"अनुभव काय लिहू काका? केलंच नाही काही."
काहीच?
"पप्पा शिरोलीला फाउंड्रीत. सुट्टीत डबा घेऊन जायची,
मग तिथंच बसून कास्टिंग वाजवायची."
वाजवायची म्हंजे?
तिनं माझं कागदावर ठेवायचं लोखंडी वजन उचललं,
हातात लोंबतं धरून किल्लीनं ठोकलं.
"हे बघा, टणकन बोलतंय.
आत तडा असला की बद्द वाजतं.
डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतं.
चार उन्हाळे केलं. शंभरात दोनेक चुकायचे माझे."

मी म्हटलं, बाई, हे लिही.
"हे लिहितात?"
वाचन खोड आणि हे लिही.

मग स्टुलावर बसून तिनं कंपन्यांची यादी मांडीवर घेतली.
बेचाळीस नावं. एकेकावर काट मारत गेली.
इथं तीन वर्षांचा बाँड. इथं नुसतं फोनवर बोलायचं.
ही कंपनी काय करते तेच कुणाला ठाऊक नाही.
उरल्या नऊ.
प्रत्येकीपुढं बारीक अक्षरात एक प्रश्न,
त्यांनी विचारायचा नव्हे, हिनं विचारायचा.
एक मी चोरून वाचला:
रात्रपाळी सुटल्यावर घरी सोडायला गाडी असते का?
नऊ प्रती काढल्या. मोजून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ऋतुराज खोताचे फोटो
माझ्याकडंच राहिले, ते द्यायला हॉलवर गेलो.
फुकट टोप्या वाटणाऱ्या टेबलाशी ही झुंबड.
ऋतुराज तिथंच, डोक्यावर टोपी,
बायोडाटा कुठं गेला त्याचा पत्ता नाही.
स्वरूपा पार कोपऱ्यात.
गोकुळ शिरगावचा पंपवाला, ना बॅनर, ना चॉकलेटं,
टेबलावर पंपाचं एक कवच आणि भडंगाची पुडी.
तिनं विचारलं, वाजवू?
आणि पेनाच्या टोकानं नाही, घरून आणलेल्या पान्यानं वाजवलं.

बद्द.

माणसानं पुडी खाली ठेवली.
तिच्या हातातला पाना घेऊन स्वतः ठोकलं.
परत ठोकलं, जरा बाजूला.
पुढचं मला दिसलं नाही.
दुकान उघडं टाकून आलो होतो.

संध्याकाळी आली. चपलेचा अंगठा तुटलेला,
पाय घासत, गालात हसत.
आठ प्रती वाटल्या. नववी त्यानं परत दिली म्हणे,
कागद नको, लक्षात राहील.
पण देताना मागं निळ्या शाईत लिहिलंय, गाडीच्या नंबरासारखं ठळक:
'सोमवार, दहा वाजता. जाड बूट घालून ये.
पगाराचं तेव्हा बोलू.'

लागली म्हणायची नोकरी?
"अजून कुठं! गाडीचं विचारलं तर म्हणाले,
नाही, पण बघतो."

मी त्या पानाकडं बघत होतो.
अठरा वर्षांत पहिल्यांदा
मागच्या बाजूला माझं बिल नव्हतं.

"एक झेरॉक्स द्या काका, पप्पांना दाखवायला."
कुठली बाजू काढू?
"पाठपोट."