परिणाम : नाही

तक्त्यात नऊ रकाने आहेत.
धर्म, राजकीय मत, वंश, वय,
लग्न झालंय का, प्रेम कुणावर करता,
बाई की पुरुष, अपंगत्व,
आणि तुमच्यावर कुणी अवलंबून आहे का.
प्रत्येकापुढे मी लिहिते : परिणाम – नाही.
अकरा वर्षं लिहितेय.
हात इतका बसलाय
की पेन आपणहूनच 'न'ला काना देतं.

ड्रमनाकॉशचा आराखडा, पुढच्या पंधरा वर्षांचा,
मंगळवारी दुपारी दोन ते चार
ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर मांडला होता.
लिफ्ट बंद. चहा होता, आल्याची बिस्किटं होती.
वहीत सतरा सह्या :
चौदा जमीनमालक, दोन त्यांचे वकील,
आणि ट्रेवर मॅकिलव्हीन, सुतार, ऐकू येत नाही.
खुणांची दुभाषी सकाळीच आजारी पडली.
तो पहिल्या रांगेत दोन तास बसून होता.
इंजिनियर नकाशाकडे तोंड करून बोलला.
अभिप्रायाच्या कार्डावर ट्रेवरनं दोनच शब्द लिहिले :
पाठ दिसली.

याला आम्ही सल्लामसलत म्हणतो.
सल्ला आमचा,
मसलत चौदा जणांची.

त्याच वेळी कोंबड्यांच्या कारखान्यात
झेफेरिना सोआरेस पट्ट्यावरच्या मांड्या सोलत होती.
पूर्व तिमोरची. टेटुम येतं, पोर्तुगीज येतं,
सुरी चालवण्यापुरतं इंग्रजी येतं.
तिची भाड्याची घरं नकाशात पिवळी आहेत,
पिवळं म्हणजे पाडण्याजोगं.
तिला पत्र गेलं होतं, इंग्रजीत.
तळाशी बारीक अक्षरात :
दुसऱ्या भाषेत हवं असल्यास कळवा.
तेही इंग्रजीत.
ते मीच लिहिलं होतं.

गुरुवारी नकाशा काखेत मारून
नदीकाठच्या वळणावर गेले,
जिथं फिरस्त्यांच्या पाच गाड्या उभ्या असतात.
का गेले, सांगता येत नाही.
भत्ता मिळणार नव्हता.
नोनी मॉहननं नकाशा बॉनेटवर पसरला,
वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर ठेवलं
किटली, घोड्याचा नाल, नातवाचा बूट,
चौथ्या कोपऱ्यावर स्वतःचा हात.
'हे हिरवं काय?'
मोकळी जागा, म्हटलं. वापरात नसलेली.
ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.
'बाप गेला तेव्हा त्याची गाडी इथं जाळली,
आमच्या रीतीनं. सगळं सामान आत ठेवून.
गवत अजून वेगळं उगवतं तिथं.
बघून ये.'

गेले. वाकून बघितलं.
गवत सगळं सारखंच होतं,
किंवा मला तरी वेगळं दिसेना.
परत येऊन तसं सांगितलं.
ती म्हणाली, 'तुला कसं दिसेल,'
आणि किटली उचलून
चहा ओतला मला.
नकाशाचा तो कोपरा फडफडत राहिला.

रात्री तक्ता काढला.
खोडलं काहीच नाही.
फक्त नऊ ठिकाणी 'नाही'च्या आधी
एक शब्द वाढवला :
माहीत.

डेस्मंड भला माणूस आहे, दोन वर्षांत निवृत्त होईल.
तक्ता परत करताना खालच्या आवाजात म्हणाला,
'असा पर्याय नसतो गं यात.
हो किंवा नाही.
आणि मार्चात मंजुरी आहे.'

तक्ता आता माझ्या पिशवीत आहे, घडी घातलेला.
कारखान्याची बस पहाटे साडेचारला सुटते.
थांब्यावर एक दिवा आहे,
त्याच्या उजेडात नकाशा जेमतेम मावेल.
वजनं लागतील चार.
दोन माझे बूट.
बाकीचं तिथं कुणाकडे तरी असेल.