चौदा मिलिमीटरला थोडा कमी

दिवसा मी कवळ्या करतो.
परभणीत, स्टेशन रोडला, मुंदडा मेडिकलच्या माडीवर
प्लास्टरचे जबडे, गुलाबी हिरड्या, वितळलेल्या मेणाचा वास,
वसमतच्या डॉक्टरांनी एस्टीने पाठवलेली मापं.
रात्री त्याच कोरण्या, त्याच बारीक कानशी
दुसऱ्याच कामाला लागतात.

खोकी कपाटावर आहेत, कूलरच्या वाऱ्यापासून लांब.

तामियाचं खोकं उघडण्याआधी मी हात धुतो.
पंख धडाला असा बसतो
की गोंद म्हणजे नुसता शिष्टाचार.
हासेगावाच्या पत्र्यावरच्या रेघा
डोळ्यांनी नाही, नखाने वाचायच्या.
एअरफिक्सचा जुना साचा,
कडेला धिरड्यासारखा फाजील पापुद्रा,
तासून तासून बोटं झिजतात.
पण पहिलं विमान तिचंच. नॅट. दहावीची सुट्टी.
मावसभावाने औरंगाबादहून आणलेलं,
मी फेव्हिक्विकने चिकटवलं
आणि काच धुरकटून पांढरी पडली.
वैमानिकाला तेव्हापासून मोतीबिंदू.
अजून उडतोय बिचारा, दोऱ्यावर.

रेवेल जर्मनीची.
हा रंग तीस टक्के, तो सत्तर, वर थेंबभर तिसरा,
रंगाच्या कागदापेक्षा सातबारा सोपा.
जगात जर्मनी, भारतात परभणी
ही म्हण माझ्या टेबलावर तरी खरी आहे:
साचा त्यांचा, घाम इथला.
मे महिन्यात रंग ब्रशवरच वाळतो,
टँकच्या साखळीची एकेक कडी लावताना
श्वास धरावा लागतो आणि पंखा बंद.

आणि झ्वेझ्दा.
हे नाव पेशंटला नीट म्हणता आलं
की समजायचं, कवळी बसली.

मुनीरोद्दीनचाचांना नाही म्हणता आलं.
पूर्णेहून पॅसेंजरने आले होते, खालच्या कवळीसाठी.
रिटायर्ड फायरमन. दात नसलेल्या तोंडाने
कपाट न्याहाळत राहिले.
"सगळे लढाईचेच कामून रे?
हमारा वायपी कौन बनाता?"

मी कॅटलॉग काढले, एकामागून एक.
जर्मनांची इंजिनं होती, इंग्रजांची होती,
जपानची तर स्टेशनं, बाकडी, कचरापेट्यांसकट.
मीटरगेजचं, पूर्णेच्या शेडमधलं
कुणाच्याच खोक्यात नव्हतं.

मग चाचांचीच मापं घेतली.
दांडा छातीला लागायचा. भट्टीचं दार गुडघ्याच्या जरा वर.
टेंडरपासून दारापर्यंत अर्धं वळण आणि एक पाऊल,
ते त्यांनी माझ्या खोलीत फावड्याशिवाय करून दाखवलं,
सात-आठदा, धाप लागेपर्यंत.
चाचा पाच फूट पाच. भागिले बाहत्तर.
सव्वादोन सेंटिमीटरचा माणूस आधी केला,
इंजिन त्याच्याभोवती.

बॉयलर हिरडीच्या अॅक्रिलिकचा, वीस मिलीच्या सिरिंजवर वळलेला.
रूळ म्हणजे दात बांधायची तार.
दोन रुळांमधलं अंतर
चौदा मिलिमीटरला थोडा कमी.
त्या थोड्यासाठी तीन रात्री गेल्या.
चाकं दोनदा मोडली. एकदा मीच फेकली.
बायको म्हणाली, हे बिल कुणाच्या नावे फाडायचं?

काळा रंग दिला. वर नंबर घातला नाही,
चाचांना तीन आठवत होते, तिन्ही वेगळे.

दिवाळीनंतर ते आले. इंजिन तळहातावर घेतलं,
अंगठा फिरवला, जाड, काचा पडलेला अंगठा,
आणि भट्टीच्या दाराशी रंगाचा टवका उडाला.
आतून हिरडीचा गुलाबी दिसला.
मी ब्रशकडे हात नेला.
"रहने दे," म्हणाले. "दार उघडलं की असंच दिसायचं."

बराच वेळ दिलंच नाही परत.
मग म्हणाले, डाव्या बाजूला टोचायलंय.
मी कानस घेतली.